अर्वाइखेर, उणे अडतीस

फळीवर सात बाटल्या आहेत. मी पुसत नाही त्यांना.
गिऱ्हाइकंच पुसतात, बाहीनं,
लेबलावरचा वाघ नीट दिसावा म्हणून.
एकीनं म्हणे म्हातारं इंजिन पुन्हा तरुण होतं.
एकीनं शंभर किलोमीटरमागे दीड लिटर वाचतं.
एकीवर काय लिहिलंय ते इथं कुणालाच वाचता येत नाही,
तिचा खप सगळ्यात जास्त.

चुलुनबात येतो. टोपीवर बर्फ, मिशांवर बर्फ.
दारात त्याची निळी पोर्टर काळा धूर ओकत उभी.
"दावासुरेन, खरं सांग, यानं काही होतं का?"
मी म्हणतो, होतं की. माझं भाडं निघतं.
तो हसतो
आणि दोन घेतो.

मी करून पाहिलंय, बरं का.
मेहुण्यांच्या दोन गाड्या, एकाच वर्षाच्या,
एकाच रस्त्यानं बायनखोंगोरला लोकर नेणाऱ्या.
गान्सुखच्या टाकीत दर खेपेला एक बाटली,
तुमेनच्या टाकीत नुसतं डिझेल.
चौकटीची वही केली. लिटर, किलोमीटर, तारीख.
चार महिन्यांनी बेरीज मांडली तेव्हा
बाटलीवाली गाडीच जास्त प्यायलेली निघाली.
मग एकेक कळत गेलं.
गान्सुख टायरची हवा बघत नाही.
तुमेन उतारावर गाडी न्यूट्रलला सोडतो, बहिणीला सांगू नका म्हणतो.
फेब्रुवारीत वारा समोरून होता, बारा दिवस.
बाटलीचं म्हणून जे काही असेल,
ते या सगळ्याच्या खाली कुठं तरी
नखाएवढं.

एक बाटली मात्र आतल्या कपाटात ठेवतो.
तिच्यावर वाघ नाही, साधी पांढरी चिठ्ठी.
डिझेलचं मेण होऊ नये म्हणून असते ती,
आणि ती काम करते, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.
फक्त थंडीच्या आधी ओतायची,
डिझेल पातळ असताना, संध्याकाळी, आठवणीनं.
लोक पहाटे चारला दार ठोठावतात.
फिल्टर उघडावा तर आत मेंढीची चरबी थिजल्यासारखं पांढरं.
"ती बाटली दे, ती कपाटातली!"
वरातीमागून घोडं, बाबांनो.
आता गाडी ढकला आत, शेगडीपाशी,
आणि चहा घ्या. दुपार होईल.

माझी बायको सरांतुया हिशेब लिहिते.
बाटल्यांच्या ओळीसमोर ती "वाघ" एवढंच लिहिते.
वाघ तीन. वाघ पाच. नाताळात वाघ अकरा.
तिचा कशावर म्हणून विश्वास नाही,
हवामानखात्यावर नाही, माझ्या दाढदुखीवर नाही.
पण रात्री कुणाची गाडी खिंडीत अडकली
आणि मी अवजारं टाकून निघालो, की
ती कोट न घालता बाहेर येते,
हातात नऊ खळग्यांची लाकडी पळी,
आणि गाडीच्या मागे दूध शिंपडते.
मागच्या बंपरवर थेंब जागच्या जागी गोठतात.
खिंडीपर्यंत जातात माझ्याबरोबर.
याची वही मी केलेली नाही.

परवा तिला ताप होता.
मी म्हटलं, निजून राहा, जाऊन येतो, चाळीस किलोमीटर तर आहे.
बाहेर आलो. गाडी एका फटक्यात सुरू झाली.
तेल ठीक. पाणी ठीक. बॅटरी गेल्या महिन्यात बदललेली.
टाकीत संध्याकाळीच, आठवणीनं, पांढऱ्या चिठ्ठीची बाटली.
दिवे लावले.
आरशात दार दिसत होतं, बंद.

इंजिन चालू ठेवून बसून राहिलो.
किती वेळ, किती डिझेल जळलं,
ते कुठंच लिहिलं नाही.
दार उघडलं तेव्हा काचेवर आतून माझाच श्वास गोठलेला,
आणि तिच्या खांद्यावर घोंगडी,
हातातल्या पळीतून
वाफ निघत होती.